प्लॅटिनमची तार, एरंडेल आणि पाच बोटं

मॉडेल विमान उडवणाऱ्यांच्या पेटीत एक काठी असते. साधारण फूटभर लांब, एका टोकाला जाड रबराची नळी चढवलेली. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवून इंजिन सुरू करायला ती वापरतात. इंग्रजीत तिचं नाव आहे ‘चिकन स्टिक’. इथला चिकन म्हणजे ताटातला नव्हे, घाबरट माणूस. मराठीत सांगायचं तर भित्र्या भागूबाईची काठी.

नावातच टोमणा आहे. खरा गडी बोटाने पंखा मारतो, घाबरट काठी काढतो. ज्या यंत्राबद्दल हे बोललं जातं, त्याचा पंखा मिनिटाला बारा हजार फेरे घेतो. पंखा दहा इंची असेल तर त्याचं टोक ताशी सुमारे ५७५ किलोमीटर वेगाने जात असतं. पात्याची दोन टोकं धरली तर एका सेकंदात एकाच जागेवरून चारशे वेळा पातं जातं. तिथे बोट गेलं तर ‘आई गं’ म्हणायच्या आत पुढची काही पाती येऊन गेलेली असतात.

एवढंसं इंजिन, तळहातावर मावणारं, आणि त्याला सुरू करायला बोट का लागावं? आपल्या गाडीसारखं बटण का नाही? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. आधी १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत, मग त्याच्याही मागे, इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींपर्यंत.

ठिणगीचं ओझं

मॉडेल विमानं आधी रबरावर उडायची. पीळ दिलेला रबराचा पट्टा सुटला की पंखा फिरायचा. वाफेवरही प्रयोग झाले होते. सॅम्युअल लँगली यांचं बिनमाणसाचं, वाफेवर चालणारं विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. पण वाफेचं यंत्र ही हौशी पोराच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

मग फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन या तरुणाने सुमारे दहा सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन बनवलं. १९३३ साली मॅक्सवेल बॅसेट या त्याच्या मित्राने अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यावर विमान उडवलं आणि रबरवाल्यांना इतकं मागे टाकलं की पुढे इंजिनांसाठी वेगळा गट करावा लागला. १९३४ मध्ये ‘ब्राउन ज्युनिअर’ विक्रीला आलं. दुकानातून इंजिन आणून विमानाला लावायचे दिवस तिथून सुरू झाले.

या इंजिनांची एक अडचण होती. तुमच्या बाइकमध्ये जसा स्पार्क प्लग असतो तसाच यांतही असायचा. आणि प्लग एकटा कधीच येत नाही. त्याच्यामागे कॉइल येते, कंडेन्सर येतो, पॉइंट येतात, बॅटरी येते आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी येतात. बाइकवर हे वजन कुणाला जाणवत नाही. एक-दीड किलोच्या विमानात मात्र ते लग्नाच्या वरातीसारखं असतं: नवरदेव एक आणि सोबत सगळं गाव.

त्यातून इंजिन लहान केलं तरी ही वरात त्या प्रमाणात लहान होत नव्हती. इंजिनाचा आकार अर्धा करा, कॉइल तेवढीच. एका मर्यादेखाली विमान स्वतःपेक्षा जड वीजघर घेऊन उडणार, म्हणजे उडणारच नाही. शिवाय जमिनीवर इंजिन सुरू होईना तेव्हा दोष नेमका कुठे, प्लगमध्ये, पॉइंटमध्ये, कॉइलमध्ये की सेलमध्ये, हे शोधण्यात दुपार जायची. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एक ओळ छापायला पाच डिपेंडन्सी.

खाणीतला दिवा

आता इंग्लंडला जाऊ. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला. खाणीत ज्वलनशील वायू साठायचा आणि उघड्या ज्योतीने स्फोट व्हायचे. डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावली, ज्योतीची उष्णता जाळीत विखुरली आणि बाहेरचा वायू पेटेनासा झाला.

त्याच कामाच्या ओघात १८१७ च्या सुमारास त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. वायू आणि हवेच्या मिश्रणात गरम प्लॅटिनमची तार धरली, तर ज्योत नसतानाही तार लाल राहत होती. जवळ काही जळत नव्हतं, तरी तार तापलेलीच. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर प्लॅटिनमची तार गुंडाळून ज्योत फुंकली, तरी तार निखाऱ्यासारखी धगधगत राहायची. अल्कोहोलची वाफ आणि हवेतला ऑक्सिजन प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर एकत्र येत होते, त्यांच्या संयोगातून उष्णता निघत होती आणि तीच तारेला तापलेली ठेवत होती.

१८२३ मध्ये जर्मनीत योहान डोबरायनर यांनी प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनची धार सोडली आणि तो वायू आपोआप पेटला. काडेपेटी घरोघर पोचण्याआधी या तत्त्वावरचा लायटर युरोपात लोकांनी वापरला. १८३५ मध्ये बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या प्रकाराला शब्द दिला: कॅटॅलिसिस. शाळेत आपण त्याला उत्प्रेरण म्हणून पाठ केलं.

अल्कोहोलची वाफ, हवा, प्लॅटिनमची तार. ग्लो इंजिनाचा सगळा सरंजाम १८१७ मध्येच टेबलावर होता. फक्त तो सिलिंडरमध्ये कुणी ठेवला नव्हता.

१९४७

तो ठेवण्याचं श्रेय जातं अमेरिकेतल्या रे आर्डेन यांना. तापलेल्या पृष्ठभागाने इंधन पेटवायची कल्पना नवी नव्हती. डाइमलरच्या १८८५ च्या इंजिनात ठिणगीऐवजी बाहेरून तापवलेली नळी होती. आर्डेन यांनी मॉडेल इंजिनाच्या प्लगमध्ये केसासारख्या बारीक प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं बसवलं आणि पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरलं. १९४७ मध्ये हा ग्लो प्लग बाजारात आला.

वापर असा: दीड व्होल्टची बॅटरी प्लगला जोडायची, तार लाल होते. पंखा फिरवायचा, इंजिन पेटतं. मग बॅटरी काढून टाकायची. आता प्रत्येक फेरीत जळणाऱ्या मिश्रणाची उष्णता, दाबामुळे तापणारी हवा आणि प्लॅटिनमवरचं उत्प्रेरण ही तिघं मिळून तार पुढच्या फेरीपर्यंत लाल ठेवतात. बॅटरी जमिनीवरच राहते. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळे घरी.

एका झटक्यात वरात संपली. काही वर्षांतच ठिणगीची इंजिनं हौशी लोकांच्या पेटीतून बरीचशी हद्दपार झाली. आणि खरी क्रांती झाली ती लहान आकारात. कॅलिफोर्नियात लिरॉय कॉक्स यांच्या कंपनीने १९५० च्या दशकात ०.८ सीसीची इंजिनं अमाप बनवली आणि तयार प्लास्टिकच्या विमानांत घालून खेळण्यांच्या दुकानांत पोचवली. त्यांच्या एका शिकाऊ विमानाचे भाग रबरबँडने जोडलेले असायचे. आपटलं की सुटे व्हायचे, गोळा करून पुन्हा जोडायचे. पुढे त्यांनी ०.१६ सीसीचंही इंजिन विकलं. जपानमध्ये ओसाकाच्या ओगावा शिगेओ यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली ओ. एस. कंपनी जगभर पोचली. १९७६ मध्ये तिने ग्लोवर चालणारं फोर-स्ट्रोक मॉडेल इंजिन बाजारात आणलं. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे. अनेक मराठी मुलांनी विमान पहिल्यांदा हाताळलं ते तिथे.

गुंतागुंत गेली कुठे?

इथे थांबून एक प्रश्न विचारू. ठिणगीच्या इंजिनात पॉइंट का असतात? कारण ठिणगी नेमकी कधी पडावी हे ते ठरवतात. ते इंजिनाचं घड्याळ. आर्डेन यांनी घड्याळच काढून टाकलं. मग मिश्रण कधी पेटायचं हे आता कोण ठरवतं?

सगळे मिळून ठरवतात. सिलिंडरमधला दाब, तारेची जाडी, इंधनातले घटक, हवेचं तापमान, पंख्याचा आकार आणि सगळ्यात जास्त, हवा आणि इंधन यांचं प्रमाण. इंधन जास्त असेल तर मिश्रण तारेला थंड करतं, पेट उशिरा घेतो. इंधन कमी झालं की तार जास्त तापते, पेट आधीच घेतो, पिस्टन वर येत असतानाच त्याला उलटा दणका बसतो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. स्क्रीनवर एकच बटण दिसतं तेव्हा उरलेली नव्वद बटणं मागे कुणीतरी सांभाळत असतं. ग्लो इंजिनात ती गुंतागुंत तीन ठिकाणी गेली: इंधनाच्या डब्यात, माणसाच्या बोटांत आणि माणसाच्या कानात.

डब्यातली गुंतागुंत

या इंधनात तीन गोष्टी असतात. मिथेनॉल, तेल आणि बहुतेक वेळा थोडं नायट्रोमिथेन.

मिथेनॉल प्लॅटिनमशी जमवून घेतं आणि वाफ होताना भरपूर उष्णता शोषतं, म्हणून इंजिन थंड राहतं. पण तेच पोटात गेलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. ते डोळ्यांची नस मारतं आणि जीवही घेतं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. मॉडेलच्या इंधनाचा डबा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचा नाही, तोंडाने नळी ओढायची नाही, हाताला लागलं तर धुवायचं. ते कातडीतूनही शोषलं जातं. आणि मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही. समोर आग लागली आहे हे डोळ्यांआधी हाताला कळतं.

तेलाची गोष्ट आपल्या घरातली आहे. टू-स्ट्रोक म्हटलं की इंधनातच तेल मिसळणं आलं. ज्यांच्या घरी लुना होती त्यांना ठाऊक आहे. पण साधं खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. विरघळतं ते एरंडेल. लहानपणी ज्याच्या नुसत्या नावाने तोंड वाकडं व्हायचं तेच. अति तापमानातही ते धातूवर टिकून राहतं, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांतही तेच वापरलं जायचं. कॅस्ट्रॉल या तेलाच्या ब्रँडचं नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं. जगात एरंडीचं सर्वाधिक उत्पादन भारतात होतं, त्यातही गुजरातमध्ये. दोरीला बांधून वेगाने विमान उडवायच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ठरलेलं इंधन आहे: ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. युरोपातल्या एखाद्या मैदानावर उठणाऱ्या त्या गोडसर धुरात बनासकांठ्याच्या शेताचा अंश असू शकतो.

तिसरं नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत पुष्कळ जास्त इंधन जाळता येतं. ताकद वाढते, इंजिन मंद गतीतही नीट चालतं. पण याच गुणामुळे ते स्फोटकं बनवणाऱ्यांनाही हवं असतं. २०२१ पासून युरोपीय संघात सामान्य माणसाला १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण परवान्याशिवाय मिळत नाही.

बोटांतली गुंतागुंत

आता सुरुवातीच्या काठीकडे येऊ. सुरू करायची पद्धत अनेक दशकांत, अनेकांच्या रक्तातून तयार झाली आहे. तिच्यातल्या प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी बोट आहे.

पहिलं काम पंखा तपासण्याचं. बारीक चीर किंवा टवका असलेला पंखा सरळ कचऱ्यात, फेविक्विक लावून नाही. मग विमान बांधायचं किंवा कुणीतरी मागून घट्ट धरायचं. इंजिन पेटलं की विमान पुढे जाणार आणि पुढे तुम्ही आहात. बघ्यांना पंख्याच्या बाजूला उभं करायचं नाही. पातं तुटलं तर ते फिरण्याच्या पातळीत, म्हणजे नेमकं बाजूला उडतं. ओढणी, लोंबणारी बाही, गळ्यातला रिमोटचा पट्टा हे सगळं आवरून घ्यायचं. डोळ्यांवर चष्मा. रिमोटचा थ्रॉटल खाली आहे ना, हे बघायचं.

मग बॅटरी न जोडता पंखा हाताने हळू फिरवायचा. तो मध्येच अडला तर जोर लावायचा नाही. सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं आणि द्रव दाबला जात नाही. अशा वेळी इलेक्ट्रिक स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढायचा, चेहरा बाजूला ठेवून इंधन बाहेर उडवायचं, पुन्हा बसवायचा.

बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची. तार लाल झाली की इंजिन जिवंत आहे असंच समजायचं. गरम इंजिन तर कधीकधी बॅटरीशिवायही नुसत्या धक्क्याने पेटतं. मग काठीने किंवा स्टार्टरने पंखा फिरवायचा. इंजिन उलट दणका देतं, कधी चक्क उलट्या दिशेने फिरू लागतं. तो दणका काठीने खायचा की बोटाने, एवढाच प्रश्न आहे.

इंजिन सुरू झालं की यानंतरही अपघात होतात. आनंदात माणूस पंख्याच्या वरूनच हात घालून प्लगची क्लिप काढायला किंवा सुई फिरवायला जातो. फिरता पंखा दिसत नाही, दिसतो फक्त एक धूसर गोल. नियम सोपा आहे: आधी चालत विमानाच्या मागे जायचं, मग मागूनच क्लिप काढायची आणि मागूनच सुई फिरवायची. बंद करायचं तर थ्रॉटल पूर्ण मिटायचा किंवा इंधनाची नळी चिमटायची. पंख्यात फडका टाकून नाही.

कानातली गुंतागुंत

सुई म्हणजे नीडल व्हॉल्व्ह. ती उघडली की इंधन जास्त, बंद केली की कमी. घड्याळ नसलेल्या इंजिनाची वेळ लावायची ती याच सुईने, आणि वेळ बरोबर लागली की नाही हे सांगतो कान.

बारा हजार फेऱ्यांवर टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला दोनशे वेळा पेटतं, तो त्याचा सूर. इंधन फार झालं की ते एक फेरी सोडून एक पेटायला लागतं. पेटण्याचा वेग निम्मा, म्हणजे सूर बरोबर खालच्या सप्तकात. ज्याने कधी पेटीवर बोट ठेवलं आहे त्याला हा फरक शिकवावा लागत नाही. दोरीवर कसरती करणाऱ्या उडवय्यांनी तर याचाच उपयोग केला. फॉक्स ३५ सारखी इंजिनं ते अशी लावत की सरळ उडताना खालचा सूर लागावा आणि विमान वर चढताना इंजिनाने आपोआप वरच्या सुरात, जास्त ताकदीत जावं.

सुई लावायची पद्धत अशी. थोडं इंधन जास्त ठेवून सुरू करायचं. थ्रॉटल पूर्ण उघडून सुई एकेक खट् बंद करत न्यायची. सूर चढत जातो, एका जागी सगळ्यात वर पोचतो. तिथे हात शिवशिवतो, अजून थोडं, असं वाटतं. तिथेच थांबायचं आणि उलट, किंचित मागे यायचं. कारण हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार कमी होतो, फेरे वाढतात आणि मिश्रण आणखी कोरडं पडतं. जमिनीवर सर्वोत्तम लागलेलं इंजिन आकाशात तापतं, आवाज दबतो आणि ते झाडांच्या वर असताना बंद पडतं. म्हणून विमानाचं नाक वर करून पुन्हा ऐकायचं. नळी क्षणभर चिमटली की सूर थोडा चढून मग पडला पाहिजे. चिमटताक्षणी पडला तर इंधन कमी आहे. मंद गतीची सुई यानंतर, तिचीही परीक्षा तशीच.

दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं जाळून टाकायचं आणि इंजिनात तेलाचे चार थेंब सोडायचे. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, बेअरिंग गंजतात.

आता

आज मैदानावर बहुतेक विमानं बॅटरीची. ब्रशलेस मोटर आणि लिथियम सेल आले, गुंतागुंत पुन्हा सरकली. आता ती सेलच्या रसायनात आणि मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटच्या फर्मवेअरमध्ये आहे. पंख्याचं टोक मात्र तेवढ्याच वेगाने फिरतं. उलट ग्लो इंजिन अडखळून बंद तरी पडायचं. मोटर बोट लागलं तरी आणखी करंट ओढते आणि फिरतच राहते. ग्लो इंजिनाचा आवाज निदान सांगायचा की मी जागा आहे. बॅटरी जोडलेली मोटर गप्प असते.

त्यामुळे ही जुनी शिस्त फक्त जुन्या इंजिनांपुरती नाही. मागे उभं राहा, आधी आवर आणि मग जोड, सर्वोत्तमाच्या एक पाऊल अलीकडे थांब. ड्रोन जोडणाऱ्या आजच्या पोरांनाही हे तितकंच लागू आहे, आणि त्यांना ते सांगणारे, एरंडेलाच्या धुरात वाढलेले लोक आता कमी होत चालले आहेत.

काठीचं नाव मात्र बदलायला हवं. तिला भित्र्याची काठी म्हणणाऱ्यांची बोटं मोजून बघावीत आणि मग ठरवावं.